उजव्या हाताची नखं

दिनांक १२ जानेवारी २०२४ रोजी श्यामराव गावंडे यांनी अमरावतीच्या शिवमला अठरा हजार पाचशे रुपये पाठवले. त्याच्या रेकॉर्डिंग स्टुडिओचं तीन दिवसांचं भाडं, सगळं आगाऊ. फेब्रुवारीच्या सतरा, अठरा आणि एकोणीस या तारखा ठरल्या. शनिवार, रविवार, सोमवार. सोमवारी सुट्टी होती, म्हणजे रजेचा अर्ज एकाच दिवसाचा द्यावा लागणार होता. श्यामराव अकोल्याच्या एका पतसंस्थेत हिशेबनीस होते आणि अशा गोष्टी ते आधी बघत. सुट्टी कशाची आहे, एवढं मात्र त्यांनी बघितलं नाही.

पैसे गेल्याचा संदेश त्यांनी बायकोला, प्राजक्ताबाईंना दाखवला.

"आता माघार नाही," ते म्हणाले.

"तुम्ही आधी करंगळी दाखवा," त्या म्हणाल्या.

श्यामरावांनी डावा हात पुढे केला. करंगळी अर्धवट वाकलेली होती आणि सरळ होत नव्हती. तळहातावर तिच्या मुळाशी कातडीखाली एक दोरीसारखी गाठ आली होती. दिवाळीत ती हरभऱ्याएवढी होती. आता दोरी पार बोटाच्या पेऱ्यापर्यंत चढली होती, आणि शेजारचं अनामिकेचं बोटही तिच्या नादी लागलं होतं. अमरावतीच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. ही दोरी आखडत जाते, ती कापावी लागते, त्यानंतर बोट बहुतेक सरळ होईल. जेवता येईल, गाडी चालवता येईल, सही तर उजव्याच हाताने करायची असते.

"आणि गिटार?" श्यामरावांनी विचारलं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "व्यवसाय आहे का तो तुमचा?"

"नाही."

"मग ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. मार्चमधली तारीख त्यांनी लिहून दिली.

चौपन्न वर्षांच्या आयुष्यात श्यामरावांनी स्वतःसाठी म्हणून फारसं काही मागितलेलं नव्हतं. आता त्यांना नऊ रचना हव्या होत्या, रेकॉर्ड केलेल्या, नीट, एकामागून एक. एका गिटारचा अल्बम. सोबत तबला नाही, गाणं नाही, वीज लागणारी गिटारही नाही. नायलॉनच्या तारांची साधी लाकडी गिटार आणि दोन हात. चार बंदिशी होत्या, भीमपलास, मारवा, जोग आणि भैरवीतल्या, त्यांनी पंचवीस वर्षं घासून गिटारवर बसवलेल्या. पाच रचना त्यांच्या स्वतःच्या. त्यातल्या चार रचनांना आजूबाजूच्या नद्यांची आणि फाट्यांची नावं होती: मोर्णा, काटेपूर्णा, मोझरी फाटा, बोर्डी. पाचवी निर्गुणा. हा अल्बम खरं तर त्या एकीसाठीच होता, बाकीच्या आठ तिच्यासोबत निघाल्या होत्या.

निर्गुणा वाजवायला अंगठा खाली धीमा सूर धरतो आणि उजव्या हाताची तीन बोटं वरच्या एकाच तारेवर आळीपाळीने इतक्या वेगात पडतात की सूर तुटत नाही, वाहतो. त्यासाठी नखं लागतात. नुसत्या बोटाने सूर दबतो, प्लॅस्टिकच्या पट्टीने कर्कश होतो. बोटाच्या टोकापुढे किंचित आलेलं, गोल घासलेलं, खाली कुठेही खरखर नसलेलं नख तारेवरून सुटलं की जो आवाज येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. असं नख तयार व्हायला महिने जातात आणि दाराच्या कडीत अडकलं की क्षणात जातं.

म्हणून श्यामराव गेल्या ऑक्टोबरपासून उजवा हात तान्ह्या पोरासारखा सांभाळत होते. संत्री सोलायच्या प्राजक्ताबाई. स्कूटरची किल्ली डाव्या हाताने. ऑफिसात नोटांचं बंडल डाव्या हाताने मोजायचे, आणि कॅशियर चिडवायचा, "गावंडे साहेब, मेंदी कधी लावता?" सुतारकामाच्या बारीक पॉलिश पेपरने ते रोज सकाळी देवपूजेच्या वेळी नखं घासत. प्राजक्ताबाई म्हणत, "देव हाये तिकडं, अन् तुम्ही इकडं कोणाची पूजा करून राहिले?"

ही गिटार त्यांच्या आयुष्यात आली ती काका सूर्यभान यांच्यामुळे. तीही चुकून.

श्यामराव लहान असताना वडील गेले. पातूरच्या पुढे निर्गुणेच्या काठी गाव. काका सूर्यभान आणि काकू मैनाबाई यांना मूल नव्हतं, त्यांनी श्यामला वाढवलं. गावात भजनी मंडळ होतं. मंडळाने वर्गणी जमवून सूर्यभानकाकांना पेटी आणायला अकोल्याला धाडलं. संध्याकाळच्या येष्टीने काका उतरले ते हातात गिटार घेऊन.

"पेटी कुठी हाये?" मंडळींनी विचारलं.

"पेटी जड व्हती. येष्टीत कोण धरन? हे हलकं हाये."

"अरे बह्याडा, भजनाले हे काय कामाचं?"

"काहून? एकतारीले तार एक, याले सहा. पाच जास्तच हायेत ना!"

मंडळाने वर्गणी परत घेतली, गिटार काकांच्या गळ्यात पडली आणि काकांनी ती श्यामच्या. पुढे अकोल्यात कॉमर्स कॉलेजला असताना एका चर्चमध्ये वाजवणाऱ्या मास्तरांनी त्याला बोटं कशी ठेवायची ते शिकवलं. बाकी सगळं त्याने स्वतः शोधलं.

काकांना गिटारमधलं काही कळत नसे. निर्गुणा मात्र त्यांना कळत असे. दर रविवारी संध्याकाळी ते फोन करत. "हलो. श्याम? थे नदीचं सुरू कर." श्यामराव फोन टेबलावर ठेवून वाजवत. संपलं की फोनमधून मैनाकाकूंचा आवाज यायचा, "झोपले थे. ठेव आता." असं कितीतरी वर्षं चाललं. अल्बमचं ठरल्यावर श्यामरावांनी काकांना सांगितलं की आता दर रविवारी मला त्रास द्यायला नको, मोबाईलवर बटण दाबलं की नदी सुरू होईल. काका म्हणाले, "रोज ऐकू शकतो मंग?" "रोज." "दुपारीही?" "कधीही, काका." काका म्हणाले, "लवकर कर बापा."

चार फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, सूर्यभानकाका गेले. संध्याकाळचा फोन यायचा राहिला.

श्यामराव दुपारी गावात पोचले. अग्नी कोणी द्यायचा हा प्रश्नच नव्हता. मडकं खांद्यावर घेताना त्यांनी उजवा हात अलगद धरला, आणि तसा धरल्याची त्यांना तिथेच शरम वाटली. चितेजवळ उभं असताना एक विचार त्यांच्या मनात आला. दहावा. दहाव्याला अग्नी देणाऱ्याचं क्षौर होतं. डोकं, मिशी आणि नखं.

दहाव्यापर्यंत गावातच राहायचं होतं. गिटार अकोल्याला. हातात काही नसताना ते ओसरीवर बसून डाव्या हाताची बोटं मांडीवर दाबत राहत. करंगळी रोज थोडी जास्त आत ओढली जाते आहे असं वाटे. ती खरंच जात होती की भीतीने तसं वाटत होतं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. उजवा हात ते दुपट्ट्यात ठेवत. शिवमला फोन करून बघितलं, तारीख पुढे ढकलता येईल का.

"काका, पुढं म्हणजे कधी?"

"चारेक महिने."

"अहो, स्टुडिओ बंद होऊन राहिला ना! एक मार्चपासून जागा कोचिंग क्लासवाल्याले देली मालकानं. मी सामान पुण्याले नेऊन राहिलो. तुमच्यासाठीच थांबलो एवढं."

चार महिन्यांनी स्टुडिओ दुसरा मिळाला असता, नागपूरला, पैसे जमवून. करंगळी मिळाली नसती.

शेवटी त्यांनी चंद्रभानभाऊंना गाठलं. चंद्रभानभाऊ म्हणजे श्यामरावांचे थोरले चुलतभाऊ. भाऊकीतलं लग्न असो की मयत, सगळं त्यांच्या सांगण्याने चाले. ते गोठ्यापाशी दात घासत उभे होते.

"भाऊ, एक इचारू काय?"

"बोल."

"दहाव्याले नखं नाई काढली तं चालते काय? डोकं, मिशी सगळं देतो मी. फक्त नखं. याच हाताची."

चंद्रभानभाऊंनी हात धरून बघितला. "हे काय वाढवून ठेवलं लेका? डाव्याले काहीच नाई, अन् उजव्याले पाह्य, नवरीवानी!"

श्यामरावांनी सांगायचा प्रयत्न केला. गिटार, रेकॉर्डिंग, करंगळी. सांगताना त्यांचं त्यांनाच ते सगळं गोठ्यापाशी उभं राहून बोलायला फार लहान वाटलं.

"म्हणजे बाजा वाजवाले," चंद्रभानभाऊ म्हणाले. "ज्यानं पोसलं त्याच्या दहाव्याले तू बाज्याचं पाहून राहिला?"

"काकाले आवडत होतं थे."

"काकूले काय वाटन? थे बाई जन्मभर म्हणन, पोटचा असता तं नखं देलीच असती."

हे वाक्य श्यामरावांना बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं. तरी त्यांनी धीर केला. "मंग काकूलेच इचारून पाहू काय?"

"इचारतो?" चंद्रभानभाऊ थुंकले. "आता? तिचं कुकू पुसलं गेलं, अन् तू तिले नखाचं इचारतो? लाज हाये का जराशी?"

श्यामरावांनी मैनाकाकूंना विचारलं नाही. काकू आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या असत. ते आत गेले की दुपट्टा घट्ट गुंडाळून जात.

दहाव्याला बाप्ये नदीवर गेले. निर्गुणेत पाणी थोडंच होतं, काठाच्या दगडांवर शेवाळ वाळलेलं. रामराव न्हावी सामान मांडून बसला होता. त्याने श्यामरावांचं डोकं केलं, मिशी काढली, आणि नेलकटर घेऊन हात मागितला. श्यामराव हळूच म्हणाले, "रामराव, उजव्याले नुसतं लाव."

रामरावने नखांकडे बघितलं, मग श्यामरावांच्या तोंडाकडे. काही न विचारता त्याने उजव्या हाताच्या करंगळीचं नख काढलं आणि बाकीच्या बोटांना नेलकटर नुसतं टेकवून बाजूला घेतलं. गिटार वाजवताना उजव्या हाताची करंगळी लागत नाही. रामरावला हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं, ते आपोआप जुळून आलं. श्यामरावांच्या जिवात जीव आला. सुटलो, असं त्यांना वाटलं.

पिंड मांडला. सगळे मागे सरकून बसले. कावळे होते, बाभळीवर पाच-सहा तरी होते. एकही खाली येईना.

ऊन चढायला लागलं. नेहमीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन काकांना शब्द द्यायला लागला. मैनाकाकूले अंतर देणार नाई. विहिरीवरची मोटर दुरुस्त करतो. म्हैस इकत नाई. कावळे बाभळीवरून बघत होते. एक तर चोच पिसात घालून झोपी गेला.

"श्याम, तू सांग काही," चंद्रभानभाऊ म्हणाले. "तुह्यातच जीव व्हता त्याईचा."

श्यामराव पुढे झाले, पिंडासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. दोन्ही हात दुपट्ट्याबाहेर आले. दहाव्याच्या उन्हात चार नखं स्वच्छ चमकली.

"हे पाह्य!" मागून कोणीतरी म्हणालं. "अन् कावळा कसा शिवन? नखं तशीच हायेत की!"

कुजबुज झाली. कोणी रामरावला बोलायला लागलं. रामराव म्हणाला, "मी तं कटर लावलं." चंद्रभानभाऊ फक्त श्यामरावांकडे बघत राहिले. त्या बघण्यापुढे श्यामरावांचा सगळा हिशेब कोसळला. आपल्या चार नखांपायी या माणसाचा जीव बाभळीखाली अडकला असेल तर? ते रामरावपुढे जाऊन बसले आणि त्यांनी हात लांब केला.

"काढ."

अंगठा. तर्जनी. मधलं. अनामिका. चार वेळा कट असा आवाज आला आणि ऑक्टोबरपासूनचं सगळं दगडावर पडलं. रामरावने ते झाडून पाण्यात लोटलं.

सगळे बाभळीकडे बघत बसले. कावळा आला नाही.

पुन्हा शब्द देऊन झाले. दुपार झाली, म्हातारी माणसं भुकेने घायकुतीला आली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी उठली. परत येताना चंद्रभानभाऊ श्यामरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. तुनं आपलं केलं." श्यामरावांनी बोटांची टोकं तळहातावर दाबून बघितली. मऊ होती.

तेरवी सोळा तारखेला दुपारी आटोपली. रात्री श्यामराव अकोल्याला घरी आले आणि गिटार काढून निर्गुणा वाजवली. काहीच वाहिलं नाही. घोंगडी टाकून कोणीतरी तार छेडावी तसा आवाज. त्यांनी गिटार खाली ठेवली आणि बोडक्या डोक्याला हात लावून बसून राहिले.

प्राजक्ताबाईंनी थोडा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "चंदाचं पार्लर उघडं हाये अजून. लग्नसराई हाये."

"मग?"

"मग काय? चला."

चंदा प्राजक्ताबाईंची मैत्रीण. जठारपेठेत तिचं ब्युटी पार्लर होतं. आत एक नवरी दोन्ही हातांना मेंदी लावून बसली होती आणि तिच्या मावश्या बाकावर. मुंडण केलेला, मिशी नसलेला, पन्नाशीचा माणूस आत आलेला बघून मावश्यांनी पदर सावरले.

"भाऊ, डोक्यावर तं काहीच राह्यलं नाही, काय करू मी?" चंदा म्हणाली.

"याईले नखं लावाची," प्राजक्ताबाई म्हणाल्या.

"काय?"

"लांब नको. एवढीशी. उजव्या हाताची, चारच बोटं. करंगळी नको."

नवरी हसायला लागली आणि तिची मेंदी पुसली गेली. चंदाने श्यामरावांचा हात दिव्याखाली धरला, आणि तिचं हसू हळूहळू थांबलं. "भाऊ, खाली नखच नाही ना. पार जिवापर्यंत काढलं हाये. चिकटवायले जागा पाहिजे. मी लावते, पण जोर पडला की निघन हे."

"जोर पडणारच आहे," श्यामराव म्हणाले.

"मंग देवाचं नाव घ्या," चंदा म्हणाली आणि कामाला लागली. तिने प्रामाणिकपणे, जीव लावून चार नखं बसवली. श्यामरावांनी खिशातला पॉलिश पेपर काढून ती तिथेच घासली.

सतराला सकाळी ते अमरावतीला शिवमच्या स्टुडिओत पोचले. तळघरातली खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. शिवम तिशीचा, बडबड्या मुलगा. पहिल्या रचनेनंतर तो हेडफोन काढून म्हणाला, "काका, आवाज जरासा कोरडा येऊन राहिला. डब्यावर टिचकी मारल्यावानी. मी माईक मागं घेतो." त्याने माईक मागे घेतला, बाजूला घेतला, वर टांगला. कोरडेपणा थोडा कमी झाला. दोन दिवसांत चारही बंदिशी आणि स्वतःच्या चार रचना झाल्या. मारवा बराच वाईट झाला. जोग बरा झाला. काटेपूर्णेत एक जागा अशी होती जिथे करंगळी पोचलीच नाही. तिथे श्यामरावांनी तो सूरच गाळला. ऐकणाऱ्याला तो गाळलेला कळणार नव्हता. श्यामरावांना तो अजूनही ऐकू येतो.

निर्गुणा त्यांनी सोमवारसाठी राखून ठेवली होती. निवांत, एकटी.

सोमवारी सकाळी स्टुडिओकडे जाताना रस्ताभर भगवे झेंडे दिसले तेव्हा श्यामरावांना कळलं, सुट्टी कशाची आहे. शिवजयंती. ते रस्त्यातच थांबले. दरवर्षी अकोल्यात ते स्वतः मिरवणुकीत असत. तारखा ठरवताना त्यांनी फक्त रजा वाचवली होती.

तळघरात माणसांचे आवाज येत नव्हते. ढोल येत होते. कानाने नाही, जमिनीतून, खुर्चीतून, गिटारच्या लाकडातून. शिवम हेडफोनवर हात दाबून बसला आणि म्हणाला, "एक पथक गेलं की दुसरं यायच्या मधात घेऊ, काका."

मधल्या त्या फटीत त्यांनी सुरुवात केली. अंगठ्याने सूर धरला, तीन बोटं पडायला लागली. पहिल्यांदाच, त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच, पाणी हललं. शिवमने मान वर केली. श्यामराव नदीच्या मध्यापर्यंत गेले होते तेव्हा अनामिकेचं नख सुटलं. नुसतं सुटलं नाही, खालचा खऱ्या नखाचा पापुद्रा घेऊन उडालं आणि गादीवर जाऊन पडलं. तारेवर लाल रेघ उठली.

चंदाला फोन लावला. ती अकोल्यात एका नवरीच्या घरी होती. अमरावतीतली दोन पार्लरं बघितली, बंद. शिवमने झटपट चिकटणारा डिंक आणला, तो दोनदा लावला, दोनदा निघाला. श्यामरावांनी दोनच बोटांनी वाजवून बघितलं, लंगडी घालत पळल्यासारखं झालं. मग उरलेली तीनही नखं काढून टाकून नुसत्या बोटांनी. तेवढ्यात डाव्या हाताची करंगळी आत वळली आणि परत उघडेना. त्यांनी उजव्या हाताने ती धरून उघडली, परत वळली.

"पुन्हा घेऊ, काका?" शिवम विचारत राहिला. दर वेळी आवाज आणखी हळू करत.

दुपारनंतर वर टेम्पो येऊन थांबला. कोचिंग क्लासचे बाक आले होते. हमालाने जिन्यातून डोकं घालून विचारलं, "इथंच उतरवू काय?"

"अजून अर्धा तास," शिवम म्हणाला.

श्यामरावांनी गिटारच्या तारा सैल केल्या. "उतरवू दे त्याला," ते म्हणाले. शिवमने एक दिवसाचे पैसे परत द्यायला काढले. श्यामरावांनी घेतले नाहीत. परतीच्या बसमध्ये ते खिडकीला टेकून बसले आणि बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत डोळे पुसत राहिले. शेजारच्या माणसाने मुंडण बघितलं आणि तो सरकून बसला. "कोण गेलं?" त्याने विचारलं. श्यामराव म्हणाले, "काका."

मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. करंगळी सरळ झाली, डॉक्टर खूश झाले. ती सरळ झाली आणि सरळच राहिली. तार दाबायला हवी तशी वाकत नाही, दाबली तर जोर नाही. एप्रिलमध्ये शिवमने पुण्याहून आठ रचनांचा अल्बम इंटरनेटवर चढवून दिला. पहिल्या महिन्यात शे-दीडशे जणांनी ऐकला. कॅशियर म्हणाला, "गावंडे साहेब, झोप छान लागते." त्याला ते कौतुक म्हणूनच म्हणायचं होतं.

मे महिन्यात श्यामराव मैनाकाकूंना ऐकवायला गावी गेले. काकू ओसरीवर सूप घेऊन तूर निवडत होत्या. श्यामरावांनी छोटा स्पीकर लावला. काकूंनी आठही रचना ऐकल्या. खडे बाजूला टाकत राहिल्या.

"संपलं?"

"हो."

"अन् थे नदीचं?"

"थे राह्यलं, काकू."

"काहून राह्यलं? थेच तं ऐकत होते थे."

श्यामरावांनी सांगितलं. नखं काय कामाची, किती महिने वाढवली, नदीवर कशी काढली. काकूंचा सुपातला हात थांबला.

"कोण म्हणे काढाच लागते?"

"चंद्रभानभाऊ म्हणे, तुले वाईट वाटन."

"मले?" काकू म्हणाल्या. "मले कोण इचारलं?"

श्यामरावांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तुह्या आज्याच्या दहाव्याले तुह्या काकानं मिशी देली नाई," काकू म्हणाल्या. "चार दिवसानं जत्रेत गावचं नाटक होतं. राजाचं काम याईचं. लावाची मिशी घामानं पडते, लोकं हासतात. गेले आईजवळ अन् सरळ इचारलं. सासूबाई म्हणे, ठेव बापा. मिशीचे सव्वापाच रुपये न्हाव्याले देजो, झालं. जे ठेवाचं त्याचं मोल द्याचं. आमच्यात असंच होतं. चंद्रभान तवा पाळण्यात होता, त्याले काय मालूम?"

"अन् कावळा?" श्यामरावांनी कसंबसं विचारलं.

"पिंड ठेवून हात मागं घेतला नसन, तं आला." काकूंनी सूप पुन्हा हलवलं. "तुह्या काकाले आला नाई म्हणतात. कसा येईन? त्याईले थे नदीचं पायजे होतं, अन् तुमी नखं काढून देली."

श्यामरावांनी स्पीकर बंद केला. त्यांच्या उजव्या हाताची नखं पुन्हा वाढली होती, चांगली गोल, घासण्याजोगी. डावा हात मांडीवर उताणा पडला होता.

"मिशीचे पैसे दिले होते काकांनी?" त्यांनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"कायचे देते! आज देतो, उद्या देतो. रामरावचा बाप मरेपर्यंत मांगत होता. तू देऊन टाकजो."

निघताना श्यामराव रामरावच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. तो लेकीकडे वाशीमला गेला होता. श्यामराव त्यानंतर गावाकडे गेलेले नाहीत. मिशीचे सव्वापाच रुपये अजून द्यायचे आहेत.